कच्च्या दोऱ्याची कडी

“वजनाचा दोरा कच्चाच बांध गं. तो तुटण्यासाठीच असतो.”

बाबांनी लेकीला हे सांगितलं, तेव्हा मी त्या दोघांच्या मधे टेबलावरच पडलेली होते. लेकीने मान डोलावली, “हो हो” म्हटलं, आणि हात मात्र पक्क्या दोऱ्याच्या रिळाकडे नेला. माझ्या अंगावर काटाच आला. पण मित्रांनो, मी पडले तारेची एक जुनी कडी. मला कोण विचारतं?

मूळची मी सायकलच्या चाकातली स्पोक. बाबांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. गुडघ्यांनी असहकार पुकारला तसं त्यांनी दुकान आवरलं, आणि जाता जाता मासे पकडायच्या दोरासाठी मला पक्कडीत धरून वाकवलं. पीळ देऊन मला दोरा ओवायचे तीन डोळे केले. वरच्या डोळ्यात हातात धरायचा लांब, जाड दोर. खालच्या एका डोळ्यात गळ. दुसऱ्यात वजन, ते तरी काय, दुकानातले गंजके नट. बाकी सगळं मजबूत, फक्त वजनाचा दोरा कच्चा, सुती. समुद्राकाठच्या बंधाऱ्याखालच्या खडकांत वजन हमखास अडकायचं. मग बाबा एक झटका देत, कच्चा दोरा फट्कन तुटे, नट कपारीत राही आणि मासा मात्र माझ्या डोळ्याला लटकून वर येई.

बंधाऱ्यावर आमिष विकणारी मावशी म्हणायची, “बाबा, तुमची कडी भलती शहाणी हो! काय धरायचं आणि काय सोडायचं, बरोबर कळतं तिला.”

“माझ्या लेकीला शिकवायला पाठवतो हिला,” बाबा म्हणायचे. “ती काहीच सोडत नाही.”

मी आनंदाने लकाकायचे. तेव्हा लकाकी होती माझ्या अंगावर.

लेकीचं मात्र खरंच तसं होतं. बाबा तिला ‘डबलगाठ’ म्हणत. तिच्या मुलीच्या, छकुलीच्या, बुटांच्या नाड्यांना दुहेरी गाठ, डब्याच्या पिशवीला दुहेरी गाठ. कुलूप लावून जिना उतरली, की पुन्हा वर येऊन ते ओढून बघायची. छकुली झोपली तर तिच्या नाकापुढे बोट धरून श्वास तपासायची. हसू नका मित्रांनो. छकुली तान्ही असताना एकदा तिचा श्वास अडकला होता. तेव्हापासून या घरात सुटणाऱ्या प्रत्येक गोष्टीची लेकीला धास्ती होती.

पुढे बाबांची नजर अधू झाली. कच्चा दोरा पांढरा, पक्काही पांढरा. दोन्ही त्यांना सारखेच दिसू लागले. मग दोरे बांधायचं काम लेकीकडे आलं. आणि जो दोरा तुटणारच आहे तो मुद्दाम बांधायचा, हे तिच्या हातांना काही केल्या पटेना. तिने पक्का दोरा घेतला, गाठ मारली, वर आणखी एक मारली, दातांनी आवळली. बाबांना कळलंही नाही.

त्या दिवशी लेक आणि छकुली बंधाऱ्याच्या कठड्यापाशी उभ्या होत्या. बाबा खाली खडकांवर. गळाला मोठा मासा लागला, त्याच दमात वजन कपारीत रुतलं. बाबांनी नेहमीसारखा झटका दिला. काहीच तुटलं नाही. पुन्हा दिला. मी दोन्हीकडून ताणली गेले, अंगभर कळा.

“अरे, हा तुटत का नाही?” म्हणत बाबांनी दोर तळहाताला गुंडाळला. तेवढ्यात लाट आली, त्यांचा पाय घसरला, आणि दोर हातावर करकचून बसला.

“बाबा, सोडा ना तो!” वरून लेक किंचाळली.

“मी कुठे धरलाय? त्यानेच मला धरलंय!”

पाणी त्यांच्या कमरेला लागलं होतं. लेकीने छकुलीला मावशीच्या कडेवर दिलं, मावशीची सुरी घेतली आणि ती खडकांवरून बसत, सरपटत उतरू लागली. पण पुढची लाट तिच्या आधी पोचणार, हे मला दिसत होतं. कडीने उघडायचं नसतं, मित्रांनो. धरून ठेवणं हाच आमचा धर्म. तरीही लाटेने बाबांना मागे खेचलं तशी मी पीळ सोडला. माझा तिसरा डोळा सरळ झाला, वजन त्यातून निसटलं, आणि दोर ढिला पडला. लेकीने बाबांची कॉलर पकडली.

मासासुद्धा आला. खायला कोणाचंच मन झालं नाही.

बाबांच्या दोन बोटांना तेव्हापासून स्पर्श कळत नाही. त्यांनी लेकीला शब्दानेही दुखावलं नाही. मला हातात घेऊन एवढंच म्हणाले, “हिने तुझं ऐकलं नाही, ते बरं झालं.” लेक रडता रडता हसली.

त्यांनी दुसऱ्या स्पोकची नवी कडी केली. मी खिडकीतल्या बटणांच्या डब्यात आले. गंजले, वाकडी ती वाकडीच राहिले. पण लेक आता कच्चा दोराच बांधते. आधी बोटभर तुकडा ओढून, तुटतो ना हे बघून मगच. कच्च्याचं रीळ माझ्या डब्याशेजारीच असतं.

तेच मला सांगायचं आहे. आज सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नाही. छकुलीला रात्रभर ताप होता. पहाटे लेकीचा डोळा लागला, तिला उठवायला नको म्हणून बाबा चपला हातात घेऊन बाहेर पडले. दोरा त्यांनी स्वतःच बांधला. आणि कच्च्याचं रीळ इथेच आहे. टेबलावरचं पक्क्याचं रीळ दिसत नाही.

आत्ता लेक खिडकीशी आली. तिने रीळ पाहिलं, मग रिकाम्या टेबलाकडे पाहिलं. बाबांना फोन लावला, तर तो त्यांच्याच उशीखाली वाजतोय. मावशी फोन उचलत नाही. छकुली तापात बरळते आहे. लेक दारापर्यंत जाते, मागे वळते, पुन्हा दारापर्यंत जाते.

मित्रांनो, आपल्या माणसांसाठी काहीही बांधताना एक गाठ तरी सुटणारी ठेवा. आणि जुन्या माणसांनी सांगितलेलं नुसतं मान डोलावून ऐकू नका. पण हे सगळं नंतर. आधी एक काम करा. तुमच्यापैकी कोणी बंधाऱ्याकडे निघालं असेल, तर खडकांवर निळी टोपी घातलेले एक आजोबा दिसतात का बघा. दिसले तर त्यांना हाक मारा. दोर हाताला गुंडाळलेला नाही ना, तेवढं बघा. आणि लेकीला कळवा, ती दारातच उभी आहे.