हात मागे!

एकोणीसशे चौऱ्याऐंशी साली अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांची थोरली लेक त्यांना आपल्या घरी घेऊन आली. बंदरात जहाजाचं तेल सांडलं, तेही त्याच वर्षी.

अण्णा घड्याळजी. केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरून जागी बसवायची, हा त्यांचा जन्माचा उद्योग. झटक्यानं नेमका उजवा हात गेला. पुढे तो हळूहळू परतू लागला होता. "हात चालता ठेवा," असं डॉक्टरांनी बजावलंही होतं. पण मोठीनं (घरीदारी सगळे तिला मोठीच म्हणत) ते या कानानं ऐकलं न् त्या कानानं सोडून दिलं. टेलिफोन कचेरीतली नोकरी सांभाळून ती अण्णांना भरवी, त्यांची दाढी करी, चहात साखर ढवळून कप त्यांच्या ओठाला लावी. अण्णांनी सदऱ्याच्या गुंडीला हात लावला रे लावला, की ही हातातलं काम टाकून धावलीच!

"अहो अण्णा, मी मेलेय का?"

शेजारपाजारच्या बायका म्हणत, "लेक असावी तर अशी!" मोठीच्या अंगावर मूठभर मांस चढे. अण्णा मात्र दिवसेंदिवस मुके होत चालले होते. एके काळी गिऱ्हाइकांना हसवून हसवून बेजार करणारा हा माणूस आता खिडकीशी बसून नुसता 'हं' म्हणे.

त्यांची अवजारांची पेटी पलंगाखाली होती. बाजारातल्या एका घड्याळजीला ती देऊन टाकायचं मोठीनं परस्पर ठरवलं. "ती बघून तुम्हाला उगीच वाईट वाटतं ना, म्हणून हो," ती म्हणाली.

अण्णा म्हणाले, "हं."

आणि तेल सांडल्याच्या दुसऱ्या दिवशी मागच्या पायरीवर एक पक्षी येऊन पडला. कुरव होता तो, समुद्रावरचा. पण तेलानं असा माखलेला, की पांढरा रंग कुठे औषधालाही दिसेना. मोठीनं त्याला साबणानं खसाखसा धुतलं, शालीत गुंडाळलं, दुधात पाव कुस्करून चोचीत कोंबला. सकाळी बघते तर त्यानं मान टाकलेली, नुसती धुगधुगी उरलेली.

"तुझ्या तावडीतून तो वाचला तर खरा!" नवरा म्हणाला. "अगं, टेकडीमागं समुद्रपक्ष्यांचं केंद्र आहे. चल, तिकडे नेऊ."

पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाई पिकल्या केसांच्या आणि मोजकं बोलणाऱ्या होत्या. दुधा-पावाचं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "तुमची माया कळते हो मला. पण दूध याला विष. आठपंधरा दिवसांनी बघायला या. जगला तर भेटेल."

मोठीचा जीव त्या पाखरात अडकला. पंधरवड्यानंतरच्या रविवारी ती नवऱ्याला घेऊन निघाली. अण्णांना घरी एकटं कसं ठेवायचं, म्हणून तेही बरोबर. दुसऱ्याच दिवशी पेटी न्यायला माणूस येणार होता.

त्या केंद्रात एक रिवाज होता. पक्ष्यांच्या खोलीत पाऊल टाकण्याआधी प्रत्येकानं हात पाठीमागे बांधायचे. दारातच डॉक्टरीणबाई दबक्या आवाजात म्हणाल्या, "हात मागे!" शाळेत मुलं उभी राहावीत तसे सगळे पाण्याच्या टाकीपुढच्या पडद्याच्या फटीशी उभे राहिले.

कुरव आता दुधासारखा पांढरा झाला होता, पण पिसं अस्ताव्यस्त. तो टाकीत उतरला आणि बुडायलाच लागला! कसाबसा धडपडत फळीवर चढला, थरथरला आणि चोचीनं एकेक पीस ओढून सारखं करू लागला. पुन्हा पाण्यात, पुन्हा ओलाचिंब, पुन्हा फळीवर.

मोठीला राहवेना. तिचे हात पुढे आलेच. "अहो, त्या पंखाखालचं पीस वाकडंच राहिलंय! करा ना कुणीतरी सरळ!"

"हात मागे, ताई," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तेल धुणं आमचं काम, पिसं बसवणं त्याचं. पीस पिसात नीट अडकलं की पाणी आत शिरत नाही. आम्ही लुडबुड केली तर घडी आणखीच विस्कटते, आणि हे पाखरू जन्मभर या टाकीचंच होऊन बसतं."

"पण त्याला किती कष्ट पडताहेत!"

"पडताहेत ना. आमचेही हात शिवशिवतात. या केंद्रात सगळ्यांत अवघड काम कुठलं, सांगू? हात मागे बांधून उभं राहणं."

मग अचानक अण्णांचा आवाज आला. कित्येक दिवसांत ते इतकं बोलले नव्हते.

"नशीबवान आहे लेकाचा! त्याला या बाई भेटल्या. मला तू भेटलीस, पोरी."

अण्णा हसतच बोलले, पण डोळे हसत नव्हते. मोठीनं पुढे आलेले हात मागे घेतले. अरे देवा! आपण माया करत होतो, की या जित्याजागत्या माणसाला टाकीत ठेवत होतो?

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी सदरा घातला. वरची गुंडी काजात जाईना. मोठी उंबऱ्यात उभी, हात पाठीमागे घट्ट बांधलेले, ओठ दाताखाली. चहा निवून गेला. शेवटी गुंडी बसली; चुकीच्या काजात का होईना, पण बसली!

"बघत काय बसलीस?" अण्णा म्हणाले. "पेटी काढ ती पलंगाखालची."

पेटी न्यायला आलेला माणूस चहा पिऊन रिकाम्या हातानं परत गेला.

वाचकहो, आजारी, म्हातारं, अधू माणूस घरोघरी असतं, आणि त्याची सेवा करणारे हातही असतात. पण सेवा कुठे थांबवायची, हे कोण शिकवतं? जे त्याला जमणार नाही ते आपण करावं. जे जमेल ते त्याच्या हातून हिसकावू नये. घास भरवताना त्याचा मान तर आपण गिळत नाही ना, एवढं बघावं.

कुरव महिन्याभरानं उडाला. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही त्यानं. डॉक्टरीणबाई त्या खोलीच्या दारात आणखी कित्येक वर्षं लोकांना 'हात मागे' म्हणत राहिल्या. अण्णांना मनगटी घड्याळ पुन्हा कधी जमलं नाही, पण गजराची मोठी घड्याळं त्यांनी शेवटपर्यंत दुरुस्त केली आणि गिऱ्हाइकांना हसवलंही. जावईबापू गेले त्यालाही बरीच वर्षं झाली. मोठी आता स्वतःच म्हातारी झाली आहे. गुडघा धरून ती चपलेसाठी वाकते, तेव्हा तिची लेक धावत येते, जवळ आल्यावर थबकते आणि हळूच हात मागे बांधते.