बुधीबाईकडे गहाण पडलेली हातोडी

मित्रांनो, मी एक जुनी रबरी हातोडी आहे. कासा गावातल्या एका दवाखान्यात माझं आयुष्य गेलं. मी खिळे ठोकत नाही. गुडघ्यावर टकटक करून पाय उडतो का, एवढंच पाहते. तरी मला बघून मुलं भोकाड पसरतात. त्यामुळे मीही माणसांकडे जरा संशयानेच बघते.

२०१६ साली उधवा गावची बुधीबाई नातीला, रूपीला, घेऊन आली. रूपीच्या मनगटाच्या वर चिंचोक्याएवढी गाठ होती. हाताला मुंग्या येतात, असं ती वर्षभर सांगत होती. भाताच्या आवणीला, म्हणजे लावणीला, तिच्या हातून रोपांची जुडी गळून पडायची.

"कामचुकार पोर! नाटकं करते," बुधीबाई म्हणाली.

डॉक्टरांनी गाठीवर मला हळूच आपटलं. रूपी ताडकन उडाली. "बोटांत करंट गेला!"

"तुजे हातोडीतच करंट हाय!" बुधीबाईने मला हिसकावलं आणि स्वतःच्या मनगटावर हाणलं. काही नाही. मग डॉक्टरांच्या मनगटावर हाणलं. तरी काही नाही.

डॉक्टर हसले. "आजी, गाठ नसेवर आहे. साधी वाटते, पण वाढली तर बोटं लुळी पडतील. ऑपरेशन करावं लागेल."

बुधीबाईला नातीकडे बघवेना. पण संशय कुठला जायला! "हात कापून टाकलास तं? ही हातोडी माझेकडं राहील. पोरीचा हात चालला, की देईन."

डॉक्टरांनी मान डोलावली आणि मी तिच्या पिशवीत, सुक्या बोंबलांच्या शेजारी जाऊन पडले. मला भारी राग आला.

शहरातल्या इस्पितळात सर्जननी नस न तोडता गाठ सोलून काढली. ती तपासायला नेली, तर बुधीबाई तिथेही भांडली. गाठ साधीच निघाली. पण रूपीची सुजलेली बोटं हलेनात.

"फसवलं," बुधीबाई पुटपुटली. खरं सांगते, मलाही तेच वाटलं.

टाके काढले त्या दिवशी तिने मला रूपीपुढे केलं. "धर."

रूपीने मला धरलं. बोटं थरथरली, पण मूठ सुटली नाही. बुधीबाईने ती मूठ गालाशी घेतली आणि रडू लागली. "तू खरा सांगत होतीस, पोरी. नि मी तुलाच मारत होती." मग बोलल्याप्रमाणे तिने मला कासाच्या दवाखान्यात परत नेऊन दिलं.

मित्रांनो, माझ्यावर खुशाल संशय घ्या, मला सवय आहे. पण दुखतंय म्हणणाऱ्या लेकराला खोटं ठरवू नका. आणि तुम्हाला कुणी खोटं ठरवलं, तरी गप्प बसू नका. रूपी सांगत राहिली, म्हणून तिचा हात वाचला.