पिजन क्रीकचं मत

रँडल मुलिन्सने माइकचं स्टँड उचललं, गर्रकन उलटं फिरवलं आणि शाळा मंडळाकडे पाठ करून तो जमलेल्या लोकांसमोर उभा राहिला.

“यांच्याशी बोलून काही उपयोग नाही,” तो म्हणाला. “मी आपल्या माणसांशी बोलतो.”

काउंटीतलं मोठं गाव म्हणजे फेअरली, आणि तिथल्या शाळेचं जेवणघर खच्चून भरलं होतं. पिजन क्रीकच्या खोऱ्यातून माणसं ट्रकमध्ये दाटीवाटीने बसून आली होती, अंगात एकसारखे लाल टी-शर्ट, छातीवर ‘आमची शाळा बंद होणार नाही’. अध्यक्ष लॉयड बार्करनी टेबलावर लाकडी हातोडी आपटली.

“मुलिन्स, मंडळाकडे तोंड करा.”

“तुमचं तोंड बघायला एवढ्या लांब आलो नाही मी, लॉयड.”

टाळ्या, शिट्ट्या. टेबलाच्या टोकाच्या खुर्चीत बसलेली रेव्हा कटलिप हसली नाही. तिने समोरचा पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

मंडळात पाच जण. त्यांत पिजन क्रीकची ती एकटी. जनावरांच्या खाद्याचं दुकान चालवणारी, नवरा गेल्यावरही एक दिवस दुकान बंद न ठेवलेली बाई, म्हणून लोकांनी तिला निवडून दिलं होतं. प्रचारात तिने एकच गोष्ट सांगितली होती: मी आहे तोवर पिजन क्रीकच्या शाळेला कुलूप लागणार नाही. आज त्या शाळेचाच निकाल लागायचा होता: ती बंद करून पोरं फेअरलीच्या शाळेत घालायची की नाही. दोघे बंद करण्याच्या बाजूचे, दोघे विरोधातले, हे सगळ्यांना ठाऊक होतं. रेव्हाचं मतही आपल्याला ठाऊक आहे असं सगळ्यांना वाटत होतं.

एक टेसा सोडून. रेव्हाची ही सोळा वर्षांची नात तिसऱ्या रांगेत, लाल टी-शर्टांच्या मधोमध, करड्या स्वेटरमध्ये बसली होती. आई ओहायोला निघून गेल्यापासून ती आजीकडेच, तिच्या ‘मॅमॉ’कडे, वाढली. दुकानात येणाऱ्या शेतकऱ्यांच्या गाई विताना अडल्या की ही बाह्या सरसावून आधी धावायची. तिला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं, आणि त्यासाठी रसायनशास्त्र लागतं, आणि पिजन क्रीकमध्ये ते शिकवायला कोणी नव्हतं. होते ते मास्तर शेजारच्या काउंटीत जास्त पगारावर निघून गेले. तेव्हापासून पोरांना इंटरनेटवरचे धडे लावून पडद्यासमोर बसवायचे. खाण बंद पडल्यावर खोरं रिकामं होत गेलं, राज्याचा पैसा यायचा तो डोकी मोजून, आणि आलेला पैसा जुनं छप्पर आणि जुना बॉयलर गिळून टाकायचे. शाळेसाठी जादा कर द्या म्हटलं की याच लाल टी-शर्टवाल्यांनी दोनदा ‘नाही’ म्हणून शिक्का मारला होता. गणिताच्या परीक्षेत दहांतलं एक पोर पास व्हायचं.

वसंतात रेव्हा कोणाला न सांगता टेसाला फेअरलीची शाळा दाखवायला घेऊन गेली होती. प्रयोगशाळेच्या दाराबाहेर टेसा इतका वेळ उभी राहिली की शेवटी आतल्या बाईंनीच तिला आत बोलावलं. परतताना गाडीत रेव्हा एवढंच म्हणाली होती, “बघू.” आजीचं ‘बघू’ म्हणजे ‘होय’ हे टेसाला लहानपणापासून माहीत होतं. आणि तसं ते होतंही. दोन्ही शाळा एक करायच्या, असं रेव्हाने मनाशी पक्कं केलं होतं. दुकानातली निम्मी गिऱ्हाइकं तुटतील, तुटू देत.

रँडल एकदाचा खाली बसला. आता अधीक्षक बोलायला उठले. डॉक्टर ग्रेगरी हॅव्हर्टी, काउंटीच्या सगळ्या शाळांचे मुख्य, बाहेरून आणलेले. कडक इस्त्रीचा शर्ट, मृदू आवाज. त्यांनी भिंतीवर आलेख दाखवले. कोणी बघितले नाहीत.

“मला एक विचारायचंय,” रेव्हा म्हणाली. मत देण्याआधी लोकांच्या कानांवर हे पडावं म्हणूनच तिने प्रश्न जुळवून ठेवला होता. “आमची पोरं इथं आली की त्यांना विज्ञानाच्या वरच्या वर्गात बसता येईल ना? ते सांगा सगळ्यांना.”

हॅव्हर्टी हसले. “मिसेस कटलिप, जरा वास्तवाला धरून बोलू या. ही मुलं आधी पायाभूत वर्गांत जातील. फेअरलीच्या पालकांना मी शब्द दिलाय, त्यांच्या शाळेचे निकाल खाली येणार नाहीत. ज्यांना झेपेल ती जातील वर. असतात तशी एखाददुसरी.”



“एखाददुसरी,” रेव्हा म्हणाली.

“मी कोणाला कमी लेखत नाहीये. तुम्ही व्यापारी आहात, तुम्हाला हे माझ्यापेक्षा चांगलं कळेल. माल खपत नसेल तर तुम्हीही ती फळी रिकामी करताच ना?”

“आमची पोरं म्हणजे माल काय रे?” मागून कोणीतरी ओरडलं, आणि मग सगळेच ओरडायला लागले. बार्करांची हातोडी आपटत राहिली. रेव्हाचे कान तापले. पिजन क्रीकच्याच शाळेत ती शिकली होती, तिचा नवरा होबार्ट शिकला होता. सामन्यांना इथं आलं की फेअरलीच्या पोरी तेव्हाही त्यांच्या बुटांकडे बघून नाकं मुरडायच्या. तिला तो वास आठवला, ओल्या बुटांचा, आणि शेजारून उठून लांब सरकणाऱ्या पोरींचा तो आवाज.

बार्करांनी नावं पुकारायला सुरुवात केली. दोन होय. दोन नाही.

“कटलिप?”

तिसऱ्या रांगेत टेसा पुढे झुकून बसली होती. हाताची बोटं एकमेकांत अडकवलेली. रेव्हाने तिच्याकडे बघितलं नाही. ती हॅव्हर्टींकडे बघत होती. ते हातातल्या पेनाचं टोपण लावत होते, आटोपलेलं काम बाजूला ठेवावं तसे.

“नाही,” रेव्हा म्हणाली. “शाळा बंद होणार नाही. आणि डॉक्टर, तुमचा शब्द तुमच्यापाशी ठेवा.”

पुढचं तिला नीटसं कळलंच नाही. खुर्च्या पडल्या, कोणी रडत होतं, कोणी तिला टेबलापलीकडूनच मिठी मारली. हॅव्हर्टींनी आपले कागद गोळा केले आणि मागच्या दाराने निघून गेले. ते बघून तिला जे सुख झालं ते पुष्कळ वर्षांत झालं नव्हतं. करडा स्वेटर मात्र तिसऱ्या रांगेत नव्हता.

बाहेर गाड्यांचे हॉर्न चालू होते. रँडलने तिला खांद्यांना धरून गदागदा हलवलं.

“काय लगावलीत त्याला, मिस रेव्हा! थोबाड बघितलंत त्याचं? तुमचं खाद्य आता जन्मभर माझ्या गाड्या पोचवतील, फुकट!” खोऱ्यात वडीलधाऱ्या बाईला मानाने ‘मिस’च म्हणायचे.

“बोलू नकोस असं. उद्या खरंच मागेन.”

“मागा हो! पिजन क्रीक म्हणजे पिजन क्रीक.” मग तो जरा जवळ सरकला. आवाज उतरला. “आमचा पोरगा कोल्टन मात्र ऑगस्टपासून इथं फेअरलीत माझ्या बहिणीकडे राहणार. फुटबॉलचं बघायला हवं ना त्याचं. आपल्याकडे संघच पुरा होत नाही. आणि ते गणित-बिणित पण... म्हणजे तेवढ्यापुरतं हो. शाळा राहायलाच पाहिजे. काय?”

रेव्हा त्याच्या छातीवरची अक्षरं बघत राहिली.

“आणखी कोण कोण चाललंय?” तिने विचारलं.

“सगळे नाही हो.” त्याने मान खाजवली. “ज्यांची इथं सोय आहे ते. तुम्हाला माहितीये, पोरांचं म्हटल्यावर...”

टेसा आजीच्या ट्रकमध्ये आधीच जाऊन बसली होती. पट्टा लावलेला, हात मांडीवर. रेव्हाने गाडी सुरू केली. हॉर्न वाजवणाऱ्या गाड्या एकेक करून पुढे निघून गेल्या, कोणी हात हलवला, तिनेही हलवला.

डोंगराचं वळण आलं तेव्हा रेव्हा म्हणाली, “तो माणूस काय बोलला ऐकलंस ना?”

“ऐकलं.”

“मग?”

“तो बोलला म्हणून तू मला पिजन क्रीकमध्येच ठेवलंस.”

“तुला नाही गं. शाळेला.”

टेसाने खिडकीकडे तोंड फिरवलं. 

“माझी मैत्रीण जेनी राहते फेअरलीत,” रेव्हा म्हणाली. “तिच्याकडे एक खोली रिकामी आहे. तिथला पत्ता दिला की त्या शाळेत नाव घालता येतं... मुलिन्सचा कोल्टनही जातोय.”

“म्हणजे मी त्याच शाळेत जायचं. फक्त गुपचूप.”

“गुपचूप कशाला? जायचं म्हणजे जायचं.”

“आणि माझ्या वर्गातली शेल्बी? तिची कोण मैत्रीण आहे फेअरलीत? तिच्या आईकडे तर गाडीपण नाहीये.” टेसाचा आवाज वर गेला नाही. चढला असता तर रेव्हाला बरं वाटलं असतं. “तू वाचवलीस ना शाळा, मॅमॉ? मग मी तिथंच शिकणार. तू वाचवलेल्या शाळेत.”

“हट्ट करू नकोस. आयुष्याचा प्रश्न आहे.”

“हो ना. आता आठवलं तुला.”

रेव्हाने गाडी बाजूला घेतली, आणि मग पुन्हा रस्त्यावर आणली.

त्या उन्हाळ्यात दुकान कधी नव्हे इतकं चाललं. लोक केक आणून द्यायचे, हात हातात घ्यायचे. चर्चमध्ये पाद्र्यांनी नाव घेऊन आभार मानले. घरात मात्र टेसा विचारलं तेवढंच उत्तर द्यायची. गाई अडल्याचे फोन आले तर आता ती जायची नाही. “मला काय कळतंय त्यातलं,” म्हणायची. रेव्हाने जेनीला दोनदा फोन केला, पत्र्याच्या पेटीतून टेसाचे दाखले काढून टेबलावर ठेवले. दाखले तिथंच राहिले, वर मीठदाणी आली, मग टपाल आलं.

रसायनशास्त्राच्या जागेची जाहिरात मंडळाने तिच्याच हट्टाने पुन्हा दिली. बैठकीत हॅव्हर्टींनी तिच्याकडे न बघता सांगितलं, “अर्ज आलेला नाही.” तिने समोरचं पान उलटलं. पूर्वी तिने त्यांना तिथंच सुनावलं असतं.

ऑगस्टमध्ये शाळा उघडली त्या सकाळी टेसा शाळेच्या बसने निघून गेली होती. रेव्हाने दुकान उघडलं, दोन गिऱ्हाइकं केली, मग दारावर ‘बंद’ची पाटी लावली आणि पिजन क्रीकच्या शाळेकडे गाडी घेतली. मुख्याध्यापक वीव्हर पायऱ्यांवरच भेटले, गबाळे, थकलेले, चांगले गृहस्थ.

“या, या! तुमच्यामुळे तर उभी आहे ही.” त्यांनी भिंतीवर थाप मारली. “फोटो काढू या का?”

“मुलं किती आली, वीव्हर?”

“येतील. पहिले काही दिवस असंच असतं.”

“रसायनशास्त्र कुठे आहे?”

त्यांचं हसू जरा ओसरलं. त्यांनी लांबवरचं दार दाखवलं. “आत्ता तास चालूच आहे. म्हणजे... आहेत बसलेली.”

जुनी प्रयोगशाळा होती ती. नळ कोरडे, गॅसच्या तोट्यांवर चिकटपट्टी. भिंतीवरच्या पडद्यावर शिकवणाऱ्या कोणी बाई हात वर करून अर्धवट उघड्या तोंडाने गोठून राहिल्या होत्या आणि त्यांच्या कपाळावर एक गोल चकती फिरत होती. दहाबारा पोरं होती. एकाने बाकावर डोकं टेकलं होतं. कोणी कुरकुर करत नव्हतं. टेसा पहिल्या बाकावर, वही उघडून, पेन धरून. दार वाजल्यावर बाकी सगळ्यांनी वळून बघितलं, तिने नाही.

“काही हवंय का, मिस रेव्हा?” एकाने विचारलं.

“नाही.”

ती दारातच उभी होती. परत फिरावं, वीव्हरना गाठावं, हॅव्हर्टींना फोन करून चार शब्द सुनवावेत, असं सगळं मनात येऊन गेलं. सुनवायला शब्दही होते. मागच्या बाकावर एकटी बसलेली शेल्बी तिच्याकडे बघत होती. तिने आपली पिशवी उचलून खाली ठेवली आणि सरकून जागा केली.

रेव्हा जाऊन तिच्या शेजारी बसली. बाक लहान होतं, गुडघे वर अडकत होते.

“हे असंच राहतं का?” तिने हळूच विचारलं.

“येतं पुन्हा,” शेल्बी म्हणाली. “कधीकधी.”

पहिल्या बाकावरची पाठ ताठ होती, हलत नव्हती. रेव्हाने पर्स मांडीवर घेतली आणि पडद्याकडे बघत राहिली. तास संपल्याची घंटा झाली, पोरं उठली, तिच्या बाजूने निघून गेली, तरी रेव्हा उठली नाही.