राउटरचा शेवटचा निरोप

माह्या पोराचा, हेमेंद्रचा, मुर्री गावात इंटरनेटचा धंदा आहे. दोनशे घरी त्याचे राउटर लागले आहेत. सात वर्षं, कोणाचा नेट गेला की तो माणूस माह्या ओसरीवर येत होता. "काकी, सांगा ना हेमेंद्रले." आधी कोणाकडे जायचं ते मी ठरवत होती. देवकाबाई गोड बोलते, तिच्याकडे तासाभरात. अनुसयाबाईनं एका लग्नात माह्या साडीले नाव ठेवलं होतं, तिच्याकडे दुसऱ्या दिवशी. चौथी शिकलेली बाई मी, पण गाव माह्या दारात उभं राहे.

मग सून आली, चेतना. गोंदियाच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकलेली. आठ दिवस लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसली अन् एकेका राउटरले बोलाले शिकवलं. आता कुठं काय बिघडलं, किती वाजता बिघडलं, सगळ्याची नोंद आपोआप होते अन् तिच्या मोबाइलवर टिंग वाजते. लोकं यायच्या आधीच हेमेंद्र गाडी काढते. ओसरीवर कुत्रं येत नाही.

"आई, आता तुम्हाले आराम," ती म्हणे. आराम कोणी मागितला होता?

जेवताना हेमेंद्र तिच्या मोबाइलचंच कौतुक करे. माह्या भाजीबद्दल कधी इतकं बोलला नाही.

बुधवारी मी मनाशी पक्कं केलं. बंद पडलेला डब्बा बोलन कसा? अनुसयाबाईकडे गेली, चहा मागितला. ती आत वळली तशी राउटरची पिन बोर्डातून उपटली. चहा पिऊन घरी आली अन् दोघांसमोर म्हटलं, "अनुसयाच्या घरचा वायर वानरानं तोडला. डोळ्यानं पाहून आली. विचार तुह्या बायकोच्या मोबाइलले, त्याले पत्ता आहे का?"

चेतनानं मोबाइल पाहिला. मग माह्याकडे पाहिलं. "वायर नाही तुटला, आई. राउटरचा करंट गेला. अकरा वाजून वीस मिनिटं."

"बंद डब्ब्यानं कसं सांगितलं?"

"त्याच्या पोटात थोडा करंट उरते. बंद होता होता तो एक निरोप धाडते. वायर तुटला असता तर तो निरोपही आला नसता."

हेमेंद्र म्हणाला, "गावात तर लाइट आहे. अन् तू अकरा वाजता कुठं होती, माय?"

मी पदर सारखा केला.

"पिन ढिली असन," चेतना बोलली. "मी फोन करून सांगते, दाबून घ्या म्हणून."

तिनं वाचवलं, ते जास्तच झोंबलं. हेमेंद्र गेल्यावर मी विचारलं, "काऊन खोटं बोलली?"

"काय सांगू मग? सासूनं पिन उपटली म्हणून?"

"खोटं बोलाले चांगली शिकली."

"याच घरी शिकली."

"मग तो निरोप माह्या मोबाइलवर आला पाहिजे. तुह्या नाही."

चेतना लॅपटॉप घेऊन अर्धा तास टकटक करत बसली. मग म्हणाली, "आधी तुमच्याकडे येईल, मराठीत. पाहिला की हे हिरवं बटन दाबा. पाच मिनिटांत नाही दाबलं, तरच माह्याकडे येईल."

आता मोबाइल माह्या कमरेच्या पिशवीत असते. न्हाणीत गेली तरी दाराशी ठेवते. टिंग झाली की आधी बटन, मग हेमेंद्रले हाक. महिना झाला, तिच्याकडे एकही निरोप जाऊ दिला नाही.

काल भाजी चिरता चिरता तिनं विचारलं, "आई, आज कोणाचा नेट गेला?"

मी म्हटलं, "तुले कायले पाहिजे?"