डोक्यावर उभी मोकोश

गुरुवारी दुपारी, उजेड जायच्या बेतात असताना, कापितोलिनाला चूक दिसली. शाल विणून झाली होती. फक्त शेवटच्या ओळीचे टाके बंद करायचे राहिले होते. तिनं ती सुईसकट बाकावर पसरली आणि शेजारी मटकन बसली.

एका काठाला मोकोशच्या, लोकर-सुताच्या जुन्या देवीच्या, आकृत्या होत्या : रुंद घागरा, वर उचललेले हात, दोन्हीकडे पक्षी. दुसऱ्या काठालाही तशाच. तिथंच चुकलं होतं. शाल एका टोकाकडून दुसऱ्याकडे विणत जातात. दुसऱ्या टोकाची मोकोश डोक्याकडून विणायला घ्यायची, नाहीतर शाल खांद्यावरून पुढे सोडली की ती डोक्यावर उभी राहते. उत्तर रशियातल्या पिनेगा नदीकाठच्या पोरींना हे पहिल्या शालीतच कळतं. सत्तरीच्या कापितोलिनानं या वेळी पायांकडून सुरुवात केली होती.

शाल थोरल्या बहिणीसाठी, उस्तीन्यासाठी होती. खुबा मोडल्यापासून उस्तीन्याला उचलावं लागे. कापितोलिना तिला उचलत होती, न्हाऊ घालत होती, लाकडं फोडत होती आणि उरल्या वेळात विणत होती. शेवटी पाठीनंच नकार दिला. तिनं उस्तीन्याच्या मुलाला, रोदिओनला, फोन केला, "आईला शहरात ने. माझ्याच्यानं आता होत नाही." नदी गाडी पेलण्याइतकी गोठली होती. तो शनिवारी सकाळी येणार होता.

त्या फोनबद्दल उस्तीन्या अवाक्षर बोलली नव्हती. ती रागावून जाणार, असं कापितोलिनानं धरलंच होतं. निदान शाल तरी बिनचूक द्यावी, एवढंच तिच्या हातात होतं.

उसवून पुन्हा विणायला शुक्रवार लागणार होता. शुक्रवार मोकोशचा. त्या दिवशी लोकरीला हात लावला की तूस उडून तिच्या डोळ्यांत जातं, असं आई सांगायची, आणि उस्तीन्यानं या घरात शुक्रवारी कुणाला सुई धरू दिली नव्हती.

शुक्रवारी चहा झाल्यावर कापितोलिना बहिणीकडे पाठ करून बसली.

"कापे, काय चाललंय?"

"काही नाही ताई. बटण लावतेय."

"एवढ्या लांब सुईनं? खुबा मोडलाय माझा, डोळे नाही फुटले."

कापितोलिनानं सुई मांडीवर टाकली. "उलटी झालीये गं. एक अख्खा काठ. उसवते आणि परत करते."

"आज?"

"मग कधी?"

"आण इकडे."

उस्तीन्या उशीला टेकून बसली. शाल खांद्यांवर आली, चुकलेला काठ तिच्या गुडघ्यांवर पडला. तिनं मान खाली घातली आणि बराच वेळ बघितलं.

"सरळ तर आहे."

"तुला दिसते सरळ. समोरच्याला दिसेल डोक्यावर."

"समोरचा कोण? रोद्याची बायको? तिला बघू दे तो दुसरा काठ. ही माझ्याकडे बघतेय." तिनं एका आकृतीवरून बोट फिरवलं. मग वर न बघताच विचारलं, "पाठ कशी आहे?"

"दुखते."

"दुखणारच. लहानपणापासून खातेय मी, हलकी कशी असेन? फोन करायला उशीरच केलास."

कापितोलिनाचा हात पुन्हा शालीतल्या सुईकडे गेला.

"ठेव ती सुई," उस्तीन्या म्हणाली. "तिच्या डोळ्यांत अजून तूस नको घालू."

त्या दिवशी दोघींनी उकडलेले बटाटे खाल्ले आणि बसून राहिल्या. कापितोलिना बसल्या बसल्याच झोपली.

शनिवारी रोदिओन बाहेर इंजिन गरम करत होता, तेव्हा तिनं शेवटचे टाके बंद केले. बोटं वळत नव्हती. एक टाका सैल पडला, तो तसाच राहिला. रोदिओननं आईला गाडीत बसवलं, तिच्याभोवती शाल गुंडाळली आणि हसला.

"मावशी, तुझी बाई डोक्यावर उभी आहे की!"

"तू पण राहा डोक्यावर उभा," आतून उस्तीन्या म्हणाली, "म्हणजे सरळ दिसेल. आता दार लाव, थंडी येतेय."

गाडी नदीच्या बर्फावर उतरेपर्यंत कापितोलिना फाटकाशी उभी राहिली. मग घरात आली. भट्टीत लाकूड घालायला हवं होतं. बूट न काढताच ती आधी बाकावर बसली.