हौसावयनीच्या दारातली नदी

कुसवीला घाई फार. सह्याद्रीच्या कड्यावरून सकाळी निघालेलं पाणी दिवस बुडायच्या आत खाडीला लागतं, मधे कुठे टेकायचं नाव नाही. देशावरच्या नद्या म्हणे सावकाश चालतात, वाटेत घाट बांधून घेतात, लोकांची पापं धुतात. आमच्या कुसवीला एवढी सवड नाही. ती चुलीवर दूध ठेवून बाहेर पडलेल्या बाईसारखी धावते. आषाढात पाऊस वर डोंगरात कोसळतो, आमच्याकडे लख्ख ऊन असतं, आणि त्या उन्हातच ती तांबडीलाल होऊन गर्जत येते. भाताचं कांडण उरकेपर्यंत उतरूनही जाते. जाताना मात्र म्हशीएवढाले गोटे इकडचे उचलून तिकडे ठेवते, जणू घर आवरतेय.

आणि हीच बया फाल्गुनात बघावी. घोट्याएवढं पाणी, तेही लाजत लाजत. मधेच गोट्यांत शिरते, दिसेनाशी होते, आणि खाली कुठल्यातरी कोंडीत, म्हणजे पात्रातल्या खोल डोहात, पुन्हा डोकं वर काढते.

नदीच्या अलीकडे तिवरखोल, म्हणजे आमचा गाव. पलीकडे दाभवणे. मधली हद्द कुसवीची. हौसावयनीचं घर आमच्या गावाच्या टोकाला, नदीच्या एका मोठ्या वळणात होतं. नदी त्या घराला तीन बाजूंनी वळसा घालून पुढे जायची. चौथ्या बाजूला, गावाकडे, जमिनीची चिंचोळी मान होती आणि तिच्यावरून घराची पायवाट. नदीने कित्येक पिढ्या हा वळसा निमूट घातला. एकोणीसशे एकतीसच्या आषाढात तिला त्याचा कंटाळा आला. एका पुरात तिने ती मान कापली आणि सरळ निघून गेली. सकाळी हौसावयनी दार उघडून बघते तो नदी पुढच्या अंगणाशी आलेली आणि मागच्या दाराची नदी नाहीशी. मागे उरल्या चार कोंडी आणि ओरडणारे बेडूक.

घर शाबूत होतं, गोठा शाबूत होता. फक्त गाव बदलला होता.

पावसाळाभर लोकांनी हसून घेतलं. हौसावयनीला दाभवण्याची पाहुणी म्हणाले, तिच्या कोंबड्या परगावी अंडी घालतात म्हणाले. तीही हसली. पण दिवाळीनंतर गावकीच्या बैठकीत तिचा चुलत दीर आत्माराम उभा राहिला आणि हसणं संपलं. आत्माराम पालखीचा मानकरी. माणूस वाईट नव्हता, पण वाडवडलांचा नियम म्हटला की त्याची मान ताठ व्हायची आणि मग ती वळत नसे. तो म्हणाला, हद्द म्हणजे नदी, नदीपल्याड आपला गाव नाही, आणि शिमग्यात वाघजाईची पालखी हद्द ओलांडत नाही. तेव्हा यंदा पालखी हौसावयनीकडे जाणार नाही.

दाभवणेवाल्यांना विचारलं. ते फार गोड बोलले. त्यांच्या देवाची पालखी ठरलेल्या घरांनाच जाते, नवीन घर घेतलं तर देवाला ओळख पटायची नाही, असं म्हणाले आणि गुळपाणी देऊन वाटेला लावलं.

एरवी एखाद्या वर्षाचं एवढं काय, असं हौसावयनी म्हणालीही असती. पण तिची सून राही हिची दोन मुलं पाळण्यातच गेली होती. तिसऱ्याच्या वेळी हौसावयनी वाघजाईला बोलली होती, की हा जगला तर येत्या शिमग्याला माझ्या अंगणात तुझ्या पालखीखालून काढीन. मुलगा जगला. नाव बाबू ठेवलं. चांगला गुटगुटीत, हाताला येईल त्याचे केस ओढणारा. त्याचा बाप शिवा मुंबईला गिरणीत होता, त्याने शिमग्यासाठी रजा मागून ठेवलेली. आणि आता पालखीच येणार नव्हती. मुलाला सहाणेवर, पालखी टेकते त्या गावच्या चौथऱ्यावर, आणून पालखीखालून काढ, असं आत्मारामने सुचवलं. हौसावयनी म्हणाली, शब्द अंगणाचा दिलाय. राही त्या दिवसापासून मूल झोपलं की त्याच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायला लागली. हे हौसावयनीने पाहिलं आणि मग ती गप्प बसणं शक्य नव्हतं.

ती देवळात गेली आणि म्हणाली, आईचा कौल घ्या. सगळा गाव जमला. गंगाराम गुरवाने देवीच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. आत्मारामने विचारलं, वाहत्या पाण्याची हद्द पालखीने ओलांडावी काय? डावी कळी पडली. आत्मारामने सगळ्यांकडे पाहिलं, बघा म्हणून. मग हौसावयनी पदर सावरून पुढे झाली आणि म्हणाली, आणखी एक विचारा. वाहत्या पाण्याच्या अलीकडे जे घर असेल, ते आईचं ना? उजवी पडली. आत्मारामने स्वतः मान डोलावली, हे काय विचारणं झालं, अशी. हौसावयनी पाया पडली आणि घरी गेली. जाताना तिचा चेहरा फार शांत होता. एवढ्यावरून तरी पुरुषांना कळायला हवं होतं.

आता आमच्याकडची एक रीत सांगते. पाऊस सरला की उन्हाळी भातासाठी नदीत बांध घालतात. गोटे, पेंढा, निरगुडीच्या फांद्या आणि वर चिखल. पाणी अडून पाटाला लागतं. हा बांध घालतात पुरुष, असं सगळा गाव म्हणतो. म्हणजे पुरुष काठावर उभे राहून कुठला गोटा कुठे, ते ओरडून सांगतात. गोटे वाहतात बाया, रचतात बाया, आणि भोक पडलं की बुजवतात बाया. तेव्हा फाल्गुनातली कुसवी कुठे अडवली की कुठे वळते, हे तिवरखोलातल्या बायांना पाठ होतं. आणि त्यात आत्मारामची बायको आवडाबाईही आली.

पालखी खालच्या वाडीला यायच्या दिवशी सगळे पुरुष सकाळपासून वरच्या वाडीत पालखी नाचवत होते. खालच्या वाडीच्या बाया वाकळा धुवायला नदीवर गेल्या. सणासुदीला वाकळा धुतात, त्यात संशय घेण्यासारखं काही नाही. फक्त त्या नेहमीच्या कोंडीवर न थांबता वर गेल्या, जिथून जुना वळसा आणि नवी वाट फुटते तिथपर्यंत. हौसावयनीने नव्या वाटेच्या तोंडाशी पहिला गोटा ठेवला. मग पेंढा, फांद्या, चिखल. जुन्या वाटेच्या तोंडाशी पुराने वाळू टाकून ठेवली होती, ती जरा उकरावी लागली. तरी पाणी पेंढ्यातून पाझरतच होतं. आवडाबाईने डोक्यावरची वाकळ काढली आणि बांधाच्या पोटाला लावून वर गोटे ठेवले. शेजारची गोदा म्हणाली, अगो, ही तर आत्मारामदादाची. आवडाबाई म्हणाली, तेवढंच त्यांच्या हातून पुण्य.

अडलेलं पाणी जरा वेळ तिथेच फुगत राहिलं, इकडे तिकडे बघितल्यासारखं. मग कडेची वाळू ओलांडून जुन्या वाटेला लागलं, आणि एकदा वाट आठवल्यावर भरभर चाललं. आषाढात ज्या नदीने घराचा गाव बदलला, ती पाचसहा बायांनी जेवणाच्या आत परत फिरवली. बांध अजून कच्चा होता, म्हणून भोकं बुजवायला गोदाला तिथे बसवलं आणि बाकीच्या घरोघर जाऊन निर्मळ तोंडाने पोळ्या लाटायला लागल्या.

ढोल वाजत पालखी खालच्या वाडीला आली. हौसावयनीच्या वाटेच्या फाट्यावर आत्माराम तिला पुढे नेणार, तर समोर हौसावयनी, राही, शिवा आणि बाबू आरतीचं ताट घेऊन उभे. मधे नदी नव्हती. ओले गोटे होते आणि एका डबक्यात दोन मासे तडफडत होते.

आत्मारामने विचारलं, "नदी कुठं गेली?"

"जुन्या जागंवर," हौसावयनी म्हणाली. "मागल्या दारी वाहतेय. बघून या, भावजी."

तो गेला, बघून आला. मग उकिडवा बसला आणि हाताने गोटे बाजूला करून खड्डा उकरला. खड्ड्यात हळूहळू पाणी भरलं, थंडगार, नितळ. तो उठून म्हणाला, "नदी हितंच हाय. खालनं चाललीय. पाणी हाय तितं हद्द हाय."

ढोलकऱ्यांनी हात खाली सोडले. शिवा दुसऱ्या दिवशी बोटीला निघणार होता, तो आपल्या पायांकडे बघत राहिला. राहीने बाबूला इतकं घट्ट धरलं की तो कुरकुरला.

तेव्हा बायांच्या मागून आवडाबाईचा आवाज आला. चारचौघांत नवऱ्याशी बोलायची ती पहिलीच वेळ असावी, पण आवाजात काही अडखळ नव्हती.

"अवो, खालचं पाणी धरायचं झालं तर आपल्या हिरीत कुठलं हाय? नदी फुगली की हीर भरते, नदी आटली की तळ दिसतो. हीच बया आपल्या चुलीपातूर आलीय. मंग आपलं घर कुठल्या गावात धरायचं, तेवढं सांगा. पालखीचं ताट वाढू की नको, ते तरी कळंल मला."

पालखी खांद्यावर घेतलेल्यांना हसू आलं आणि पालखी हलली. गंगाराम गुरव म्हणाला, कौलात वाहतं पाणी म्हटलंय, उकरलेल्याचं कुणी विचारलं नव्हतं. आत्मारामने बायकोकडे पाहिलं, खड्ड्याकडे पाहिलं, मग आपल्या विहिरीच्या दिशेला पाहिलं. आणि धोतराला हात पुसून म्हणाला, "चला."

हौसावयनीच्या अंगणात पालखी अशी नाचली की सारवण निघालं. गाऱ्हाणं झालं. मग घोंगडीवर बाबूला निजवलं आणि त्याच्यावरून पालखी एकदा, दोनदा, तीनदा गेली. राहीने दोन्ही मुठी तोंडाशी धरल्या होत्या. बाबूने वर बघितलं, पालखीचा गोंडा धरायला हात केला, आणि तो हाताला न आल्यामुळे रागावून मोठ्याने रडला. ते रडणं ऐकून राही हसली. दिवाळीनंतर तिचं असं हसणं मी पहिल्यांदाच पाहिलं. हौसावयनी मात्र आत जाऊन चुलीत लाकूड सारते म्हणाली. चूल कधीची विझली होती.

याच वेळी आवडाबाईला अंगणात टाळ्या वाजवणारी गोदा दिसली.

"गोदे, तू हितं?"

"मंग काय," गोदा म्हणाली, "पालखी आलीय आणि मी तितं चिखलात बसू?"

ती बोलतेय तोवरच वरून आवाज आला. कोंडलेलं पाणी बांधाच्या पोटातून निसटलं होतं. नदी अंगणासमोरून पुन्हा वाहायला लागली, चांगली फेसाळत. आणि तिच्यावर पसरून, संथपणे, एक वाकळ आली. काठाशी एका गोट्याला अडकून ती फडफडू लागली. तिला एका कोपऱ्यात तांबड्या लुगड्याचं ठिगळ होतं. ते आत्मारामने ओळखलं, कारण दर रात्री ते त्याच्याच हनुवटीखाली असायचं. त्याने वळून बायकोकडे पाहिलं. आवडाबाई डोळे मिटून वाघजाईला हात जोडत होती.

मग हळूहळू सगळ्यांच्या ध्यानात आलं. मधे वाहतं पाणी. अलीकडे गाव. पलीकडे हौसावयनीच्या अंगणात देवी. आणि वाहत्या पाण्याची हद्द पालखीने ओलांडायची नाही, असा कौल आत्मारामनेच मागून घेतलेला. पुढचं घर आत्मारामचं होतं. त्याच्याकडे पोळ्या झाकून ठेवलेल्या होत्या.

एक जण हळूच म्हणाला, चटकन उडी मारून जाऊ, कोण बघतंय. गंगारामने पालखीकडे बोट दाखवलं. ती बघत होती.

शेवटी आत्मारामने धोतर खोचलं आणि मानकऱ्यांना घेऊन वर बांधाकडे निघाला. त्यांच्या मागोमाग बाया गेल्या आणि काठावर ओळीने बसल्या. त्या दिवशी तिवरखोलात पहिल्यांदा पुरुषांनी गोटे वाहिले आणि बायांनी ते कुठे ठेवायचे ते सांगितलं. पहिला बांध घातला तो वाहून गेला, कारण खाली पेंढा घालायचा हे कुणालाच सुचलं नाही. आवडाबाई म्हणाली, तो गोटा नको, गोल हाय, घरंगळंल. तो घरंगळला. आत्माराम चिखलाने माखला होता, दात ओठ खात होता, आणि तरी मधेच त्याला हसूही येत होतं, ते लपवायला तो पाण्यात वाकत होता.

इकडे अंगणात हौसावयनीने पालखीखाली पाट ठेवला, समई लावली आणि शेजारी बाबूला मांडीवर घेऊन बसली. एरवी नारळ फुटेपर्यंत थांबणारी देवी तिच्या दारात दुपारभर मुक्कामाला होती. बाबूला अखेर गोंडा मिळाला. तो त्याने तोंडात घातला, आणि कुणी काही म्हटलं नाही.

ऊन कलायला लागलं तसा आत्मारामने वरून ओरडून निरोप दिला, की वयनी, थोडंच राहिलंय, आता वळतेय नदी.

हौसावयनीने बाबूच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तिथूनच ओरडून सांगितलं, "सावकाश होऊ दे, भावजी. आईला घाई नाय."