हंगामापुरती दिलेली बंदूक

दोन हजार बावीस सालचा नोव्हेंबर. मेन राज्यात हरणांच्या शिकारीचा हंगाम अर्धा सरला होता आणि मी अजून भिंतीवरच होते. मी ऑरिन हॅस्केलची बंदूक. नळी पोलादाची, दस्ता अक्रोडाचा.

त्याच्या बापानं मला खिळे-बिजागऱ्यांच्या दुकानातून आणलं. दुकानदारानं नाव विचारलं नाही, हवापाण्याच्या गप्पा मारल्या. साठ वर्षं मी या घराला मांस पुरवलं.

ऑगस्टात ऑरिनची बायको व्हेल्मा गेली. तेव्हापासून तो धड जेवत नाही. रोज मला खाली काढतो, तेल लावून पुसतो, मांडीवर घेऊन बसतो. शिकारीला जायचं नाही, मग तेल कशाला? मला धास्ती वाटते. चाप ओढला की माझा बार उडतो. बोट कुणाचं, कशासाठी, हे मला कळत नाही. नको म्हणायची सोय मला नाही.

आमच्याकडे माणूस खचला की शेजारी त्याची बंदूक हंगामापुरती उसनी मागतो. कारण खोटं असतं. दोघांनाही ते ठाऊक असतं.

काही वर्षांपूर्वी शेजारच्या क्लोव्हिस पेलेतियेच्या भाचीला तिच्या नवऱ्यानं गोळी घालून मारलं. त्यानं बंदूक रस्त्याकडेला विकत घेतली होती, कुणी काही विचारलं नव्हतं. त्या हिवाळ्यात क्लोव्हिस खचला, तेव्हा ऑरिननं त्याची बंदूक उसनी आणली. वसंतापर्यंत ती माझ्याशेजारी टांगलेली होती.

आता राज्याच्या राजधानीत विधेयक आलंय. बंदूक विकताना, उसनी देतानाही, घेणाऱ्यावर गुन्हे आहेत का याची आधी बंदुकीच्या दुकानात चौकशी व्हावी, असं त्यात आहे. क्लोव्हिस विधेयकाच्या बाजूचा, ऑरिन विरोधातला. गावसभेत दोघं भांडले आणि बोलणं तुटलं.

तरी एके दिवशी क्लोव्हिस दारात उभा राहिला.

"त्या विधेयकासाठी सही मागायला आलास?" ऑरिन म्हणाला.

"माझ्या बंदुकीचा चाप अडकलाय. तुझी दे, हंगामापुरती."

"थापा मारतोस. सकाळी तिचा बार ऐकला मी."

"मग कान तपासून घे, म्हाताऱ्या."

"आणि तुझा कायदा? तो झाला की असं देणं गुन्हा ठरेल."

"होऊ दे. तेव्हा दुकानात येईन, हवं ते विचारू देत मला. आज नुसती दे."

ऑरिनचा हात माझ्या दस्त्यावर घट्ट होता. बराच वेळ तो सुटेना. मग त्यानं मला उघडलं. एक गोळी टेबलावर पडली.

आमच्याकडे भरलेली बंदूक घरात कुणी ठेवत नाही.

क्लोव्हिसनं गोळी खिशात टाकली. मला खांद्याला अडकवून तो निघाला.

मला विकाल, द्याल, तेव्हा हात कुणाचा ते जरूर विचारा. आणि घरात मला घेऊन एकटा बसलेला कुणी असेल, तर त्याचं दारही ठोठावा.

आता मी क्लोव्हिसच्या भिंतीवर आहे. शेजारी त्याची बंदूक. तिचा चाप उत्तम चालतो. शनिवारी ऑरिन काकवीत शिजवलेला घेवडा खायला येतो. पहिल्यांदा आला तेव्हा आम्हा दोघींकडे त्यानं पाहिलं आणि खुर्ची ओढली.

"फिटलं," तो म्हणाला.

क्लोव्हिसनं ताट पुढे सरकवलं.